हायब्रिड म्हणजे नक्की काय घेताय? ब्लू ड्रीमचा डबा हातात धरून सविस्तर

कॅलिफोर्नियात कुठल्याही डिस्पेन्सरीत, म्हणजे गांजाच्या दुकानात, शिरलात की काउंटरमागचा बडटेंडर (माल दाखवणारा विक्रेता) पहिला प्रश्न हाच विचारतो, इंडिका, सटायवा की हायब्रिड, म्हणजे दोन्हींचा संकर? आणि आपला माणूस, पहिल्यांदाच आलेला, जरा बिचकलेला, हमखास 'हायब्रिड' म्हणून मोकळा होतो, कारण मधलं काहीतरी म्हणजे सेफ असं वाटतं. मग समोर येतो तीस टक्के टीएचसी (नशा आणणारं मुख्य रसायन) लिहिलेला डबा, कारण तोच जास्त खपतो. यात सेफ काहीच नसतं.

म्हणून इथे एकच स्ट्रेन, म्हणजे गांजाची एक जात, घेऊन बघू, ब्लू ड्रीम. कॅलिफोर्नियातली प्रचंड पॉप्युलर हायब्रिड, जवळजवळ प्रत्येक दुकानात मिळते, आणि हिच्यावर जे शिकाल ते बाकी कुठल्याही हायब्रिडला लागू पडतं. लेख २१ वर्षांवरच्या लोकांसाठी आहे, जिथे हे कायदेशीर आहे तिथल्यासाठी. कॅलिफोर्नियात २०१६ साली प्रपोझिशन ६४ (गांजा कायदेशीर करणारं सार्वमत) पास झालं आणि १ जानेवारी २०१८ पासून दुकानात विक्री सुरू झाली. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून देशभर कायदेशीर, वयाची अट मात्र प्रांताप्रमाणे बदलते.

सगळ्यात आधी: तुमचा व्हिसा काय आहे?

हे मुद्दाम पहिलं लिहितोय, कारण इंग्रजी गाइड वाचलेत तर हे त्यात सापडत नाही, ते लिहिणारे सगळे सिटिझन असतात. राज्यात कायदेशीर असलं तरी अमेरिकेच्या फेडरल कायद्यात गांजा अजूनही नियंत्रित पदार्थ आहे आणि इमिग्रेशन हा पूर्णपणे फेडरल विषय आहे. एच-वन-बी असो, स्टुडंट व्हिसा असो किंवा ग्रीन कार्ड, 'हो, मी घेतलंय' एवढं अधिकाऱ्यासमोर कबूल केलं तरी अडचण होऊ शकते, अटक-बिटक काही लागत नाही. यूएससीआयएस या अमेरिकन इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्टच सांगितलं की राज्यात कायदेशीर असलेल्या गोष्टीमुळेसुद्धा सिटिझनशिपचा अर्ज अडकू शकतो, आणि त्यात डिस्पेन्सरीत नोकरी करणंही आलं. तुम्ही सिटिझन नसाल तर माझं प्रामाणिक मत: नादी लागू नका. लागायचंच असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, बडटेंडरशी नंतर.

आणि भारतात येताना बॅगेत एक गमीसुद्धा (गांजाचा अर्क घातलेली जेलीची गोळी) नको. अमली पदार्थांवरचा एनडीपीएस कायदा १९८५ चा आहे, आणि 'मी तिकडे दुकानातून बिलासकट घेतलंय' हे कस्टम्ससमोर अजिबात चालत नाही. महाशिवरात्रीला भांग चालते मग हे का नाही, असं विचारणारे भेटतात. त्या कायद्यात गांजाची व्याख्या फुलांच्या-फळांच्या शेंड्यांची आहे, शेंडे सोबत नसतील तर नुसती पानं आणि बिया त्यातून वगळल्यात, भांगेला जी फट मिळते ती तिथून, आणि तिथेही राज्याराज्याचे नियम वेगळे. डिस्पेन्सरीतलं फ्लॉवर म्हणजे नेमके तेच शेंडे. गमी-वेपमध्ये त्यातूनच काढलेला अर्क, त्यामुळे तिथेही सुटका नाही.

पायरी १: 'हायब्रिड' आणि नाव, दोन्हीवर फार भरवसा ठेवू नका

लिनियसने १७५३ मध्ये कॅनाबिस सटायवा हे नाव दिलं, १७८५ मध्ये लामार्कने भारतातून आलेल्या झाडांवरून कॅनाबिस इंडिका वेगळी काढली. ती विभागणी झाडाच्या ठेवणीवरून होती, उंची, फांद्या, पानं वगैरे. इंडिका म्हणजे सोफ्यावर आडवं आणि सटायवा म्हणजे उत्साह, हे पुढे बाजाराने चिकटवलेलं. आज दुकानात मिळणारं जवळपास सगळंच इतक्या वेळा क्रॉस झालंय की सगळंच हायब्रिड आहे, त्यामुळे लेबलवरच्या त्या शब्दातून तुम्हाला नवीन माहिती जवळजवळ शून्य मिळते.

याच्यावर अभ्यासही झालेत. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठातल्या लोकांनी २०२१ मध्ये नमुने तपासले तेव्हा इंडिका-सटायवा लेबलचा झाडाच्या एकूण जनुकांशी फारसा संबंध दिसला नाही, संबंध दिसला तो मोजक्या वासाच्या रसायनांशी. म्हणजे लोक मातकट वास आला की इंडिका म्हणत होते. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सहा राज्यांतल्या जवळपास ९० हजार नमुन्यांचा डेटा बघितला गेला, त्यातही लेबल एकीकडे आणि केमिस्ट्री दुसरीकडेच.

आता ब्लू ड्रीम. वंशावळ सांगतात ती अशी, ब्लूबेरी आणि हेझ यांचा क्रॉस. ब्लूबेरी ही डीजे शॉर्ट नावाच्या प्रसिद्ध ब्रीडरची, हेझचं मूळ सत्तरच्या दशकातल्या कॅलिफोर्नियातलं. 'सटायवाकडे झुकणारी हायब्रिड' म्हणून विकतात. पण ब्लू ड्रीम हे नाव कोणाच्या मालकीचं नाही, कोणीही आपल्या झाडाला लावू शकतो, आणि खऱ्या कटिंगमधून (मूळ झाडाच्या कलमातून) वाढवलेलं असलं तरी लाइट, खत, कापणीची वेळ, सुकवणं यावर माल बदलतो. मार्चमध्ये मुंबईत प्रत्येक पेटीवर 'देवगड हापूस' छापलेलं असतं ना, तसंच. नाव बघून दुकानात थांबा, पैसे द्यायचे ते पुढच्या गोष्टी बघून.

पायरी २: टक्केवारीचं गणित

लेबलवर दोन-तीन आकडे असतात आणि लोक हमखास चुकीचा धरतात. कच्च्या फुलात टीएचसी फार कमी असतं, असतं ते टीएचसीए, त्याने चढत नाही. गरम केलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि टीएचसी तयार होतं. वजन थोडं घटतं म्हणून हिशेब असा:

टोटल टीएचसी = टीएचसी + (टीएचसीए × ०.८७७)

समजा डब्यावर टीएचसीए २४ टक्के आणि टीएचसी ०.८ टक्के. २४ गुणिले ०.८७७ म्हणजे साधारण २१.०५, अधिक ०.८, झाले २१.८५ टक्के. एका ग्रॅममध्ये सुमारे २१८ मिलिग्रॅम. साडेतीन ग्रॅमच्या डब्यात, ज्याला तिकडे एट्थ म्हणतात, साधारण ७६५ मिलिग्रॅम. अर्ध्या ग्रॅमच्या प्री-रोलमध्ये, म्हणजे तयार वळलेल्या जॉइंटमध्ये, १०९. हे सगळं अंगात जात नाही, बरंच जळून आणि धुरात जातं, ओढण्याच्या पद्धतीप्रमाणे साधारण १० ते ३५ टक्के पोचतं. तरी विचार करा, कॅलिफोर्नियात गमीचा एक सर्व्हिंग जास्तीत जास्त १० मिलिग्रॅमचा असतो (पूर्ण पाकीट १००), आणि अमेरिकन संशोधनात हिशेबासाठी एक युनिट ५ मिलिग्रॅमचं धरतात. म्हणजे अर्ध्या ग्रॅमचा एक जॉइंट एकट्याने संपवणं म्हणजे नवख्या माणसाने पहिल्याच बसण्यात दोन ते सात युनिट घेणं, हे लोकांच्या डोक्यातच येत नाही कारण दिसायला ती एक छोटी सिगरेट असते.

ब्लू ड्रीम साधारण १७ ते २४ टक्क्यांच्या मधे मिळते, सीबीडी (नशा न आणणारं दुसरं रसायन) एक टक्क्याच्या आत, म्हणजे नगण्य. डब्यावर ३३-३४ दिसलं तर भुवया उंचवा. जास्त आकडा म्हणजे जास्त भाव, आणि लॅबला पैसे देतो तो माल विकणाराच, त्यामुळे जो लॅब मोठा आकडा देतो त्याच्याकडे जायचं हा प्रकार या धंद्यात जुना आहे. कोलोरॅडोत २०२३ च्या एका अभ्यासात दुकानातले नमुने परत तपासले तर बहुतेकांत लेबलपेक्षा कमीच निघालं. कॅलिफोर्नियाने म्हणूनच २०२४ पासून फुलांच्या तपासणीला सगळ्या लॅबना एकच पद्धत सक्तीची केली.

आणि समजा आकडा खरा आहे, तरी जास्त टक्के म्हणजे जास्त मजा असं नसतं. कोलोरॅडोतच २०२० मध्ये एक अभ्यास झाला, नेहमी घेणाऱ्यांना १६ आणि २४ टक्क्यांचं फ्लॉवर, आणि ७० व ९० टक्क्यांचं कॉन्सन्ट्रेट (गांजाचा घट्ट अर्क) घ्यायला सांगितलं. कॉन्सन्ट्रेटवाल्यांच्या रक्तात टीएचसी कितीतरी जास्त, पण नशा आणि तोल जाणं जवळपास सारखंच. हे मुरलेले लोक होते हे लक्षात ठेवा, नवख्याला हे लागू नाही. तरी १८ टक्के आणि २४ टक्के यांच्यातल्या फरकासाठी डबल पैसे मोजणं मला तरी मूर्खपणा वाटतो.

पायरी ३: नाक वापरा, खरी माहिती तिथेच आहे

कॅलिफोर्नियात फ्लॉवर सीलबंद पॅकमध्येच मिळतं, पण बऱ्याच दुकानात वास घ्यायला सॅम्पलची बरणी ठेवलेली असते. मागा, लाजू नका. वास मुख्यतः टर्पीन नावाच्या रसायनांचा, आणि गंमत म्हणजे ही रसायनं आपल्या स्वयंपाकघरात आधीच आहेत, त्यामुळे मराठी नाकाला हे इंग्रजी वर्णनांपेक्षा पटकन कळतं.

ब्लू ड्रीममध्ये बहुतेक वेळा मायरसीन सगळ्यात पुढे असतं. आंब्यात आणि बिअरच्या हॉप्समध्ये असतं ते, वास ओलसर मातीचा, थोडा पिकलेल्या फळाचा. त्याच्या मागे पायनीन, चीडाच्या झाडाचा किंवा टर्पेंटाइनचा तो स्वच्छ झणझणीत वास. आणि कॅरिओफिलीन म्हणजे मिरी-लवंग, मिरपूड ताजी कुटली की नाकात जातो तो तिखटपणा. इतर हायब्रिडमध्ये लिमोनीन जास्त असेल तर लिंबा-संत्र्याची साल, लिनलूल असेल तर धणे आणि लॅव्हेंडर. चांगल्या फुलात सगळी टर्पीन मिळून साधारण १ ते ३ टक्के असतात, लेबलवर असेल तर बघा, नसेल तर विचारा.

ब्लू ड्रीमची टिपिकल चव अशी: तोंडात आधी गोडसर, बेरीसारखं, मग चीड आणि सुकलेल्या पाल्याचा कडवटपणा, सोडताना घशात मिरीची झिणझिण. गोडवा अजिबात नाही आणि नुसता सुक्या गवताचा वास येतोय म्हणजे माल जुना झालाय किंवा घाईत सुकवलाय. अमोनियासारखा किंवा कुबट गोधडीचा वास आला तर ठेवून द्या, ओल राहून बुरशी धरली असू शकते. गांजाचा तो प्रसिद्ध, स्कंक या प्राण्यासारखा उग्र वास मात्र टर्पीनचा नाहीच, तो गंधकाच्या संयुगांचा, हे २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवलं.

आता टर्पीनमुळे इफेक्ट बदलतो का? बडटेंडर छातीठोक सांगेल की मायरसीन झोपवतं, पायनीन डोकं जागं ठेवतं. पुरावा एवढा छातीठोक नाहीये. थोडंफार आहे ते असं, कॅरिओफिलीन शरीरातल्या सीबी-२ रिसेप्टरला (गांजातली रसायनं ज्यांना चिकटतात त्यांपैकी एकाला) चिकटतं, आणि जॉन्स हॉपकिन्सच्या २०२४ मध्ये आलेल्या छोट्या अभ्यासात, २० लोकांवरच्या, टीएचसीसोबत लिमोनीन दिल्यावर घबराट कमी झाली. पण लिमोनीनचा डोस मोठा होता, फुलातून सहज मिळेल असा नव्हता. मी टर्पीन बघतो ते चवीसाठी आणि ताजेपणासाठी, आणि पुढच्या वेळी तसाच माल ओळखता यावा म्हणून. झोप लागेल की नाही हे त्यावरून ठरवत नाही.

पायरी ४: तारीख आणि लॅब रिपोर्ट

डबा उलटा करा, पॅकिंगची तारीख शोधा. दोन-तीन महिन्यांच्या आतलं उत्तम, सहा महिन्यांपर्यंत ठीक, वर्ष झालेलं सेलमध्येही नको. नॉर्मल टेंपरेचरला ठेवलेल्या मालातलं टीएचसी पहिल्या वर्षात साधारण सहावा हिस्सा उडतं, त्यातलं काही सीबीएन नावाच्या दुसऱ्या रसायनात बदलतं, आणि टर्पीन त्याच्याही आधी हवेत जातात.

बॅच नंबर किंवा क्यूआर कोडवरून लॅबचा रिपोर्ट मिळतो, त्याला सीओए म्हणतात. त्यात टक्केवारी बघून थांबू नका, खाली जा: कीटकनाशकं, जड धातू, बुरशी आणि बुरशीचं विष, ओलावा, सगळ्यासमोर 'पास' हवं. रिपोर्टमधला बॅच नंबर डब्यावरच्याशी जुळतोय का तेही बघा, सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच गोष्टीकडे होतं. डब्यावर कॅलिफोर्नियाचा त्रिकोण, त्यात पान आणि उद्गारचिन्ह, खाली सीए, हे नसेल तर तो माल लायसनचा नाही, दुकान कितीही चकाचक असू दे.

पायरी ५: किती, कसं, आणि काय अपेक्षा ठेवायची

ब्लू ड्रीमबद्दल लोक साधारण सांगतात ते असं, आधी डोळ्यांमागे हलकं वाटतं, मूड चढतो, गप्पा सुटतात, गाणं जास्त ऐकू येतं, अंग सैल पण झोप नाही. म्हणून दिवसाची स्ट्रेन म्हणतात. तेच प्रमाण वाढलं की छाती धडधडते, तोंड कोरडं, वेळ ताणल्यासारखी वाटते, आणि काहींना चक्क भीती वाटते. दोन्ही एकाच डब्यातून येतं, फरक मुख्यतः मात्रेचा आणि माणसाचा. सोबत कोण आहे, पोटात काय आहे, दोन दिवस झोप झालीय का, याने जितका फरक पडतो तितका इंडिका-सटायवाने पडताना मी बघितलेला नाही.

पद्धत अशी ठेवा. मोकळा दिवस, ओळखीचं घर, गाडीची चावी दुसऱ्याकडे, दारू नाही (दारूने टीएचसी जास्त चढतं, गरगरतं आणि उलटीही होते). एक छोटा झुरका, धूर छातीत कोंडून ठेवायचा नाही, त्याने नशा फारशी वाढत नाही, खोकला मात्र वाढतो. मग १५-२० मिनिटं थांबा, खरंच थांबा, घड्याळ लावून. ओढल्यावर असर काही मिनिटांत सुरू होतो, अर्ध्या तासाच्या आत टोक गाठतो आणि दोन ते चार तासांत उतरतो. पुरेसं वाटलं तर तिथेच बस करा.

गमीचं वेगळंच. 'ब्लू ड्रीम गमी' असं लिहिलेलं असलं तरी त्यात बहुतेकदा शुद्ध केलेलं डिस्टिलेट, म्हणजे टीएचसीचा गाळीव अर्क, असतं, स्ट्रेनचं नाव निव्वळ शोभेला. पोटातून गेलेल्या टीएचसीचं लिव्हरमध्ये ११-हायड्रॉक्सी-टीएचसी होतं, ते जास्त जोरदार. असर यायला अर्धा तास ते दोन तास, टोक दोन ते चार तासांनी, आणि सहा-आठ तास, कधी त्याहून जास्त राहतो. सगळे फसतात ते इथेच, तासभर काही झालं नाही म्हणून दुसरी खातात आणि मग दोन्ही एकदम चढतात. सुरुवात अडीच मिलिग्रॅमने, म्हणजे पाचवाल्याची अर्धी, आणि त्या दिवशी परत नाही.

दुसऱ्या दिवशी फोनमध्ये चार ओळी लिहून ठेवा: ब्रँड, बॅच, टोटल टीएचसी, वरची तीन टर्पीन, किती झुरके, कसं वाटलं. पाच-सहा डबे झाले की तुमचा स्वतःचा पॅटर्न दिसतो, उदाहरणार्थ २० टक्क्यांवर गेलं की मला धडधडतं वगैरे. बडटेंडरला हे सांगितलंत तर तो कामाचं काहीतरी सुचवू शकतो, 'काहीतरी चिल द्या' म्हणालात तर तो स्टॉकमध्ये पडलेलं देणार.

कोणी हात लावायचा नाही

प्रेग्नंट असाल, बाळाला पाजत असाल, घरात कोणाला स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असेल, हृदयाचा त्रास असेल, तर नाही. पंचविशीच्या आत मेंदू घडत असतो, त्यामुळे कायदा २१ म्हणत असला तरी थांबलेलं बरं. रक्त पातळ करायची गोळी, फिट्सची औषधं चालू असतील तर डॉक्टरला विचारा, इथल्या डॉक्टरांना हे विचारण्यात काही लाज नाही. रोज घ्यायला लागलात आणि सकाळी पोटात ढवळून उलट्या, गरम पाण्याने अंघोळ केली की बरं, असं व्हायला लागलं तर ती अॅसिडिटी नसू शकते, जास्त गांजाने होणारा उलट्यांचा आजार असतो तो आणि त्यावर उपाय एकच, बंद करणं. सवय लागत नाही हा समज चुकीचा आहे, लागते, आणि रोज घेणाऱ्यांना जास्त लागते. ऑफिसमध्ये ड्रग टेस्ट असेल तर हेही माहीत असू द्या की लघवीत अंश काही दिवस ते काही आठवडे सापडतो, असर उतरल्यावरही बराच काळ.

जास्त झालंच तर

घाबरलेल्या माणसाला आधी बसवा किंवा कुशीवर झोपवा, लाइट कमी, पाणी, थोडं काहीतरी खायला, आणि शांत आवाजात सांगा की हे काही तासांत उतरतं. मिरे चघळायचा उपाय लोक सांगतात, करून बघायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. एकटं सोडू नका, गाडी चालवू देऊ नका. छातीत दुखतंय, श्वास नीट नाही, शुद्ध हरपतेय, भास होऊन स्वतःला इजा करेल असं वाटतंय, तर सरळ ९११. बाकी शंका असेल तर अमेरिकेत पॉयझन हेल्पलाइन १-८००-२२२-१२२२ फुकट आणि चोवीस तास आहे. लहान मुलाने गमी खाल्ली असेल तर लक्षणं दिसायची वाट बघत बसू नका, लगेच फोन करा, आणि किती मिलिग्रॅमची किती गेली ते सांगायला पाकीट हातात ठेवा. डबे, पाकिटं कुलुपात, वरच्या कपाटात, आणि भारतातून आई-बाबा आलेले असतील तर फ्रीजमध्ये गमी चॉकलेटशेजारी तर अजिबात नको.